खळ्यावरच्या घरातला आवाज

एकतीस वर्षं मी नववीच्या पोरांना ध्वनीचा धडा शिकवला. माणसाच्या कानाला वीस हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकू येत नाही, त्याला अवश्राव्य ध्वनी म्हणतात, हत्ती आणि देवमासे तो वापरतात, एवढं फळ्यावर लिहायचं, पोरांकडून तीनदा म्हणवून घ्यायचं आणि पुढं सरकायचं. "घाटनांदूरला हत्ती नाहीत आणि देवमासा तर अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही, तेव्हा हा भाग दोन मार्कांपुरताच," असं मी दरवर्षी म्हणायचो आणि पोरं दरवर्षी हसायची. विनोद जुना असला तरी पोरं नवी असतात, हा मास्तरकीतला मोठा फायदा आहे.

त्या दोन मार्कांनी मला निवृत्तीनंतर गाठलं, आणि तेही बायकोच्या हातून. ती सातवी शिकलेली, मी बी.एस्सी., बी.एड. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या शिक्षणाची अब्रू फारशी राहत नाही.

तिचं माहेर सिरसाळ्याचं. लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडं मळणी यंत्र आलेलं नव्हतं. जवारी खळ्यावर पडायची, बैल फिरायचे आणि मग उपणणी. वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिपाईवर उभं राहायचं आणि भरलेली पाटी वाऱ्याच्या तोंडाशी धरून हळूहळू सोडायची. दाणा खाली पडतो, भुसा लांब उडतो. वारा नसेल तर सगळा खेळ बंद. आमच्या घरची माणसं लिंबाखाली तंबाखू मळत वाऱ्याची वाट बघत बसायची. त्या वर्षी ही नवी सून सरळ वावडीवर चढून उभी राहिली.

माझे वडील म्हणाले, "पोरी, उतर खाली. पान सुदिक हालंना अजून."

"मामंजी, खिंडीत आलंय. भरा पाटी," ती म्हणाली.

पाटी भरून तिच्या हातात जाईपर्यंत वारं अंगावर आलं. वडिलांनी तंबाखू तशीच टाकली. त्या दिवसापासून आमच्या खळ्यावर तिच्या शब्दाशिवाय पाटी भरली गेली नाही. बाईमाणूस वावडीवर चढतं म्हणून गावानं चार दिवस तोंडं वाकडी केली, पाचव्या दिवशी दोन शेजारी तिला वारं कधी सुटेल ते विचारायला आले. मी एकदा विचारलं, तुला कळतं कसं? ती म्हणाली, "आधी कानात भरतंय, मंग अंगाला लागतंय." मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत नुकताच लागलो होतो आणि मला सगळंच माहीत होतं, त्यामुळं मी हसलो.

निवृत्त झालो तेव्हा गावी घर बांधायचं ठरलं. तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत गेली होती. भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारायचं. तिला स्वतःचं घर हवं होतं आणि ते तिनं कधी लपवलं नाही. रांगोळीला अंगण किती हवं ते ती हातानं मापून दाखवायची. जागा होती ती जुन्या खळ्याची. यंत्र आल्यापासून खळ्याकडं कुणी फिरकत नव्हतं. तीन पिढ्यांनी चोपलेली ती जमीन सपाट आणि दगडासारखी टणक, पिकायची नाही म्हणून रिकामीच पडलेली. आमच्या भागातली कितीतरी खळी अशीच घरांखाली गेली. आजा-पणज्यांनी खळ्याला नेमकी हीच जागा का धरली होती, याचा विचार कुणी करत नाही. मीही केला नाही. बालाघाटाच्या डोंगराला आमच्या गावाच्या पश्चिमेला एक खिंड आहे आणि आमचं खळं बरोबर तिच्या तोंडासमोर.

ती म्हणाली होती, "खळ्यावर घर? तिथं वारं कदी बसत न्हाई."

"मग बरंच की. हवा खेळती राहील," मी म्हणालो.

नकाशा मी स्वतः काढला. पश्चिमेची खोली सगळ्यात मोठी, तिला खिंडीकडं चार बाय चारची एकच दणदणीत खिडकी. समोरची, पूर्वेची भिंत कोरी. तिच्यापलीकडं धाकट्या भावाचा हिस्सा होता, आणि आमच्याकडं वाटणीत एक न लिहिलेलं कलम असतं: भावाच्या हिश्श्याकडं खिडकी काढायची नाही. आज खिडकी, उद्या तिच्यातून सांडपाणी, परवा भांडण. आमचं भांडण तर बांधावरच्या एका बाभळीवरून आधीच झालेलं होतं आणि तेव्हा तीन वर्षांचा अबोला होता. तेव्हा भिंत कोरी ठेवली आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलं.

वैशाखात वास्तू झाली. ज्येष्ठ सरता सरता खिंडीतून वारं लागलं. आमच्याकडचं आषाढाचं वारं म्हणजे सकाळी उठतं, दुपारी शिंगं रोखतं आणि दिवे लागल्याशिवाय दम घेत नाही. आठवड्याभरात ती म्हणाली, या खोलीत मला कसंतरी होतं.

"छातीत धडधडतं का?"

"न्हाई. कुणीतरी बाहेरून दाबतंय आन् सोडतंय, दाबतंय आन् सोडतंय. कानाला घाट उतरल्यावानी होतंय. मळमळतंय लई. आन् मागं कोन तरी हुबं हाय असं वाटतंय."

"आवाज काही येतो?"

"काईच न्हाई. त्येच तर म्हणते."

ऐकू येत नाही, तर आवाज नाही. आवाज नाही, तर कानाचा संबंध नाही. असा हिशेब मी मनातल्या मनात पाच सेकंदांत केला आणि मोठ्यानं म्हणालो, "थेरं आहेत सगळी." हा शब्द मी त्या तीन पावसाळ्यांत किती वेळा वापरला असेल, कोण जाणे. खिडकी लावली की तिला बरं वाटायचं. पण खिडकी लावली की खोलीचा कोंडवाडा व्हायचा, आणि मी हवेसाठी घर बांधलेलं. मी उघडायचो, ती उठून स्वयंपाकघरात जायची. तीन खोल्यांच्या स्वतःच्या घरात ही बाई पाण्याच्या माठाशेजारी चटई टाकून झोपायची. चार दिवस माहेरी गेली की चेहरा उजळायचा. त्यावर मी म्हणालो होतो, "माहेरी गेल्यावर सगळ्याच बायकांचं डोकं दुखायचं थांबतं." ती हसली नाही. माझे विनोद तिनं तीस वर्षं सहन केले होते, हा एक तिनं नुसता ऐकून घेतला.

गावातला एक शहाणा सल्ला घेऊन आला. म्हणाला, गुरुजी, खळ्यावर लक्ष्मी निजलेली असती, तुम्ही तिच्या अंगावर भिंती चढवल्या, शांत करून घ्या. मी त्याला असा काही फैलावर घेतला की तो चहा अर्धा टाकून गेला. अंधश्रद्धेवर मी पंचक्रोशीत पुष्कळ भाषणं दिली आहेत आणि त्यातलं एकही मला मागं घ्यायचं नाही. पण त्या माणसाला हाकलताना मी तिचं म्हणणंही त्याच्याबरोबर उंबऱ्याबाहेर काढलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात तिला अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. तो माझाच विद्यार्थी. कान तपासले, चांगले निघाले. रक्तदाब चांगला. त्यानं तिला जे जे विचारलं त्याचं उत्तर मीच दिलं. त्यानं दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवलं, आणि त्या डॉक्टरनं झोपेच्या आणि काळजीच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी ती गप्प झाली. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, रांगोळी अर्धी राहायला लागली, हातात सूप घेऊन ती पायरीवर नुसती बसून राहायची. घरात शांतता झाली आणि मला ती बरी वाटली. हे लिहिताना मला लाज वाटते.

तिसऱ्या आषाढात तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, "ह्या गोळ्यांनी मी गप बसते, बरी न्हाई होत. मला सिरसाळ्याला सोडा. पावसाळा सरला की येते."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. न्हाई तर ह्या घरात मी खुळी होईन, आन् गाव म्हणंल मास्तरची बायको आधीपासूनच तसली हुती."

तिनं एवढंच सांगितलं आणि पेटी भरली. वर्षातले चार महिने आपल्याच घरातून हद्दपार, तेही उतारवयात, भावाच्या दारी. मला राग आला, आणि रागाच्या खाली भीतीही वाटली, ती मात्र मी कुणाला दाखवली नाही.

घाटनांदूरहून परळीची काळी-पिवळी जीप धरली, पुढं सिरसाळ्याला दुसरी धरायची होती. आम्ही मागच्या बाकावर, पेटी पायाशी. आमच्या बाजूची काच सरकवलेली, बाकीच्या सगळ्या बंद. मोकळ्या रस्त्याला लागून जीपनं वेग घेतला आणि आत हवा धपधपायला लागली. ज्यांनी अशा जीपमधून प्रवास केला आहे त्यांना ही धपधप ठाऊक असेल. कानावर कुणी उशी आपटत असल्यासारखी. ड्रायव्हर मागं न बघता ओरडला, "ए, पल्याडची काच सरकव बे, डोस्कं उठलं!" पलीकडच्या माणसानं काच सरकवली आणि धपधप एकदम थांबली.

माझ्या बायकोनं माझा दंड धरला. "ह्येच! बगा, ह्येच हाय ते!"

मग ती पलीकडच्या माणसाला म्हणाली, "दादा, लावा की जरा परत ती काच."

त्यानं लावली. धपधप सुरू. "आता उगडा." बंद. "आता लावा." त्या बिचाऱ्यानं तिच्या शब्दावर तीनदा काच सरकवली. जीपमधली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी बाहेरच्या तुरीकडं बघत होतो, जणू या बाईला मी ओळखत नाही. परळी यायच्या आधीच तिनं जीप थांबवायला लावली आणि आम्ही पेटीसकट रस्त्याच्या कडेला उतरलो. मी भडकलो होतो. हे काय नवीन, म्हणून मी रस्त्यावरच सुरू केलं. तिनं मला बोलून घेऊ दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, "आपलं घर म्हंजी एका काचंची जीप हाय."

परतीच्या जीपमध्ये तिनं आधी दोन्ही बाजूंच्या काचा सरकवून घेतल्या. मी मात्र ते वाक्य डोक्यातून काढू शकत नव्हतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की बाटली वाजते, हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी करायचो. बाटली जेवढी मोठी तेवढा आवाज खालचा. आणि बाटली खोलीएवढी असेल तर? खिंड फुंकर घालत असेल तर? पण हे मी तिला बोललो नाही. इतक्या लवकर हार मानायची मला सवय नव्हती.

घरी आल्यावर तिनं माळ्यावरून माझं विज्ञान प्रदर्शनाचं खोकं खाली काढलं. त्यात हवेचा दाब दाखवायचं जुनं साहित्य होतं. मी पोरांकडून ते करून घ्यायचो तेव्हा ती लांबून बघत असणार. तिनं लोणच्याची काचेची बरणी घेतली, तोंडावर फुगा कापून ताणून बसवला, दोऱ्यानं घट्ट बांधला आणि फुग्याच्या मधोमध केरसुणीची एक काडी आडवी, टोक बरणीच्या काठाबाहेर येईल अशी, डिंकानं चिकटवली. बाहेरचा दाब वाढला की फुगा आत दबतो, काडीचं टोक वर जातं. बरणी तिनं पश्चिमेच्या खोलीत ठेवली, वाऱ्यानं आपटतं म्हणून एरवीही बंदच असायचं ते आतलं दार लावलं आणि खिडकी सताड उघडली. काडी थरथरायला लागली.

मी म्हणालो, "वाऱ्यानं हलती. त्यात काय?"

हे तिला अपेक्षित असावं. खोलीत दक्षिणेच्या भिंतीला आमची शोकेस आहे, काचेच्या सरकत्या दारांची. तिनं आतले कप-बशा काढल्या, बरणी आत ठेवली आणि शेजारी उदबत्ती लावून काच सरकवली. आम्ही दोघं समोर जमिनीवर बसलो. उदबत्तीचा धूर सुतासारखा सरळ वर जात होता. म्हणजे आत वारं नव्हतं. आणि काडीचं टोक धूसर दिसत होतं, एकाच्या जागी दोन टोकं असल्यासारखं. मी मोजायला गेलो, मोजता येईना, इतकी भराभर ती हलत होती. खिंडीतून झोत आला की जोरात, झोत ओसरला की मंद. त्या खोलीत कसलाही आवाज ऐकू येत नव्हता. तिनं उठून खिडकी लावली. काडी थांबली. उघडली, परत थरथर.

प्रदर्शनांत मी परीक्षक म्हणून बसलो आहे, जिल्हा पातळीपर्यंत. ज्वालामुखी, ठिबक सिंचन, थर्माकोलचे उपग्रह पुष्कळ पाहिले. "हे वाऱ्यानं होत असेल" ही शंका परीक्षकानं काढण्याआधीच एका उदबत्तीनं तिचं तोंड बंद करणारा प्रयोग एकतीस वर्षांत एकाही शाळेनं माझ्यापुढं मांडला नव्हता. मी काडीकडं बघत होतो आणि मला माझ्या बायकोचा अभिमान वाटला. मी उठून माझं जुनं नववीचं पुस्तक शोधून काढलं. अवश्राव्य ध्वनी, हत्ती, देवमासे. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: दोन गुण.

आता पलीकडची काच सरकवायची होती, म्हणजे पूर्वेच्या भिंतीला खिडकी. पलीकडं भाऊ. मी म्हणालो, त्याच्या दारात मी पाऊल टाकणार नाही. ती म्हणाली, "तुमाला कोन म्हणलंय?" आणि डोक्यावर पदर घेऊन स्वतः गेली. तिनं त्याला काय सांगितलं ते तिनंच मला नंतर सांगितलं. म्हणाली, भावजी, भिंतीला खिडकी पाडायची हाय तुमच्या अंगाला, न्हाई तर मला घर सोडावं लागतंय. तो जेवत होता, हात तसाच ताटात. म्हणाला, "वैनी, नुसती खिडकी कावून? दार पाडा की. दादा बोलत न्हाई तवापून मला तरी कुटं चैन हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी झाली, तिनं कॅलेंडर उतरवलं, पदर खोचला आणि पहार उचलली. मी म्हणालो, मिस्त्री बोलावतो. ती म्हणाली, तीन वर्षं वाट बगितली, आता मिस्त्रीची कुटं बगू. पहिला घाव तिचा. प्लास्टर उडालं. दुसऱ्या घावानंतर पलीकडूनही ठोका आला, आणि मग कळलं की भाऊ घण घेऊन त्याच्या बाजूनं लागला आहे. अर्ध्या तासात दोन विटा आत ढासळल्या आणि त्या भोकातून धुळीनं पांढरं झालेलं त्याचं तोंड दिसलं. सहा वर्षांनंतरचं त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, बाजूला सर, पायावर वीट पडंल." मी बाजूला सरलो. मग मीही एक कुदळ घेतली, कारण नुसतं उभं राहणं फार वाईट दिसत होतं.

भगदाड तीन फुटांचं झालं तेव्हा दुपार झाली होती आणि वारं ऐन जोरात होतं. चौकट नाही, गज नाही, नुसत्या मोडक्या विटा. हवा खिंडीकडून आली आणि सरळ भावाच्या अंगणात निघून गेली. तिनं शोकेसमध्ये पाहिलं. काडी जागच्या जागी. झोत आला की किंचित मान हलवायची, बस. ती शोकेसपासून मागं फिरली. धूळ झटकली, पलंगावर पडली आणि वारं अंगावरून जात असताना पाच वाजेपर्यंत गाढ झोपली. तीन पावसाळ्यांत त्या पलंगावर दुपारी ती पहिल्यांदा झोपली होती. भाऊ आणि मी बाहेर पायरीवर बसून हलक्या आवाजात बोलत राहिलो, तिला जाग येऊ नये म्हणून.

डॉक्टर विद्यार्थ्याला मी नंतर सगळं सांगितलं. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, सर, याबाबत ठाम बोलता येईल एवढं आमच्याकडं नाही. वारा, वादळ, धबधबे, भूकंप यांतून असा खालच्या पट्टीचा आवाज निघतो. काहींना त्याचा कानावर दाब जाणवतो, मळमळतं, झोप मोडते, उगाच भीती वाटते. त्याच खोलीतल्या दुसऱ्याला काही होत नाही. काकूंचं दुखणं सगळं त्यानंच होतं असं मी लिहून देणार नाही. पण खिडकी पाडल्यावर त्या झोपल्या, हे मला पुरेसं आहे. मग तो म्हणाला, त्या दिवशी मी त्यांना विचारायला हवं होतं, तुम्हाला नाही. त्या दुसऱ्या डॉक्टरनं मग तिच्या गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या.

दुसऱ्याला काही होत नाही, हेही खरंच आहे का, मला शंका आहे. त्या तीन पावसाळ्यांत माझं डोकं दुपारी जड असायचं आणि मी बारीकसारीक गोष्टींवर खेकसायचो. खिडकी झाल्यावर जडपणा गेला. खेकसणं बरंचसं राहिलं. स्वभावाला भगदाड पाडता येत नाही.

श्रावणात आम्ही नेकनूरच्या पुढं कपिलधारला गेलो. धबधबा भरून कोसळत होता. तिथं पायाखालचा दगडसुद्धा घुमतो, छातीच्या फासळ्यांत घुमतो. मी धास्तावलो आणि तिला मागं ओढायला लागलो. ती तासभर तिथंच बसली, तुषारांत डोळे मिटून, आणि तिचा चेहरा माझ्या आठवणीतल्या वावडीवरच्या पोरीसारखा झाला. मी विचारलं, इथं नाही का त्रास होत? हाही तसलाच आवाज. ती म्हणाली, "ह्या आवाजाला तोंड हाय. कुठनं येतोय ते दिसतंय. घरातल्याला तोंड नव्हतं, आन् हाय म्हणून सांगितलं तर कुणी ऐकत नव्हतं." पुस्तकात हे कुठंच नाही, पण मला ते अजून चुकीचं वाटलेलं नाही.

दिवाळीत माझे दोन जुने सहकारी फराळाला आले, दोघंही विज्ञानाचे. मी त्यांना शोकेसपाशी नेलं. बरणी अजून तिथंच आहे, कप-बशांना जागा परत मिळालेली नाही. त्या दुपारी खिंडीतून थोडं वारं होतं, मी पूर्वेची खिडकी लावून काडी थरथरवून दाखवली, बाटलीचं तत्त्व समजावलं, खोलीचं आकारमान सांगितलं, आणि रंगात येऊन म्हणालो, "तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा अवश्राव्य ध्वनी आहे."

ती चिवड्याच्या बशा घेऊन दारात उभी होती. बशा तिनं टेबलावर ठेवल्या.

"माज्या कदी लक्षात आलं ते बी सांगा की," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पयल्या आषाढात. तीन वर्षं मी ह्यांना सांगत हुते. केरसुणीची काडी हालली तवा ह्यांना पटलं." मग ती माझ्याकडं वळली. "काडीवर तुमचा इस्वास बसला, माज्यावर न्हाई. कानातलं गेलं, मळमळ गेली. ह्ये न्हाई गेलं अजून."

पाहुणे चिवड्यातले शेंगदाणे निवडायला लागले. मी तिच्याकडं बघितलं. एवढे दिवस मी हिचं कौतुक गावभर सांगत होतो, भावाला, डॉक्टरला, जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा. तिला स्वतःला जे सांगायचं होतं ते तेवढं राहून गेलं होतं. मी खाली मान घालून पुटपुटलो, "चुकलं माझं."

"काय म्हणलात? ऐकू न्हाई आलं."

मी परत म्हणालो, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात.

"आता आलं," ती म्हणाली, आणि चहा गाळायला आत गेली.